ओढून पाहिलीस का?



गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तीन महिने अमेरिकेत, ओहायोला पुतण्याकडे राहून आलो. परत आल्यापासून दांडिया बाजारात जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" मी सांगतो, "गॅरेज पाहिलं." लोकांना वाटतं मी थट्टा करतोय. पण माझे बहुतेक दिवस खरोखरच त्या गॅरेजमध्ये गेले, कारण तिथे गाडीच्या जागी विमान उभं होतं. दोन माणसांचं, पंख अजून न जोडलेलं. आणि पुतण्या ते स्वतःच्या हातांनी बांधत होता.

अमेरिकेत हा छंद चांगला रुजलेला आहे. पत्रे आणि सुटे भाग किटमध्ये मिळतात, पण निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनीच, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असावं, असा नियम आहे. 'एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही या मंडळींची संघटना १९५३ सालची. आपल्याकडेही हे वेड अगदीच अनोळखी नाही. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव तुमच्यापैकी अनेकांना माहीत असतील. त्यांचं विमान २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात होतं आणि २०१७ मध्ये त्याला नोंदणी मिळाली.

तर, मी पोचलो तेव्हा वायरिंग सुरू व्हायचं होतं. वायरिंग म्हटल्यावर मी बाह्या सरसावल्या. चाळीस वर्षं मोटार वाइंडिंगचं दुकान चालवलंय. माझी जुनी पक्कडही बॅगेत घालून नेली होती.

पुतण्याने टेबलावर सामान मांडलं. पांढरी बारीक तार. तिच्यावर पीव्हीसी नाही, टेफझेलचं आवरण. ते पातळ असतं, १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं आणि पीव्हीसीसारखा दाट विषारी धूर करत नाही. बंद कॉकपिटमध्ये धूर झाला तर खिडकी उघडून बाहेर पळता येत नाही, हे लक्षात घ्या. आत कल्हई केलेल्या तांब्याच्या १९ बारीक तारा. अमेरिकेत तार गेजवर मोजतात आणि आकडा वाढला की तार बारीक होते. तो वापरत होता ती बहुतेक २२ गेजची, म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण ०.३३ चौरस मिलिमीटर.

शेजारी लग होते, ज्यांना आपल्या दुकानांत थिंबल म्हणतात. लाल बारीक तारेचे, निळे मधल्या आणि पिवळे जाड तारेचे. तार सोलायचं हत्यार असं की प्रत्येक गेजला वेगळं भोक. सुरीने सोललं तर १९ पैकी दोन-तीन तारांना चीर जाते आणि वरून काही दिसत नाही. आणि लग दाबायचं रॅचेटचं हत्यार. ते एकदा दाबायला घेतलं की पूर्ण दाब बसेपर्यंत उघडतच नाही. दाब दोन ठिकाणी बसतो: एक तांब्यावर, दुसरा आवरणावर, म्हणजे तार हलली तरी ताण थेट तांब्यावर येत नाही.

मला ते सगळं लाडावलेलं वाटलं. पुतण्या कामावर गेला होता तेव्हा मी माझी पक्कड काढली आणि तासाभरात अकरा लग बसवून टाकले. संध्याकाळी तो आला, वाकून बघितलं, म्हणाला, "काका, छान दिसतंय." पण पुढे काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सौ.चा बॅगा तोलायचा काटा घेऊन आला. तोच, ज्यावर आपण तेवीस किलोच्या मर्यादेत लोणचं बसवतो. "काका, यातले तीन कापून ओढून बघू या?" लष्करी मानकाप्रमाणे २२ गेजच्या सांध्याने १५ पौंड, म्हणजे जवळजवळ सात किलो ताण सोसायला हवा. त्याने लग व्हाइसमध्ये धरला, तार काट्याला बांधली आणि हळूहळू ओढली. पहिली तार तीन किलोला सुटून आली. दुसरी साडेतीनला. तिसरी टिकली.

मला राग आला. त्याच्यावर नव्हे, पण निघाला त्याच्यावर. म्हटलं, "मग सोल्डर करून टाक, जन्मात निघायची नाही!" तो शांतपणे म्हणाला, "करून बघा." मी एक सांधा झकास सोल्डर केला. ओढल्यावर निघाला नाही. मग त्याने तीच तार पुढेमागे वाकवायला दिली. सोल्डर तारेच्या आत शोषलं जातं आणि तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो. जिथे ताठ भाग संपतो तिथेच सगळं वाकणं एकवटतं. थोड्याच वेळात तार तिथे तुटली. सोल्डर न केलेली तार तितकंच वाकवूनही शाबूत होती. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २७०० फेऱ्या फिरलं तर सेकंदाला नव्वद धक्के बसतात. तासभर उड्डाणात तीन लाखांहून जास्त! सोल्डर करायचंच असेल तर पुढे तारेला भक्कम आधार द्यावा लागतो.

अकराच्या अकरा लग आम्ही कापले. त्याने तार प्रत्येक ठिकाणी थोडी जास्त सोडली होती, म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुतण्या भिडस्त असता, काकाचा मान राखून गप्प बसला असता, तर? दुसऱ्या सीटवर त्याची बायको बसणार होती, कधी त्याची मुलगी.

मोठ्या विमानांचीही यातून सुटका नाही. २ सप्टेंबर १९९८ ला न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं स्विसएअरचं १११ क्रमांकाचं विमान कॅनडाजवळ समुद्रात कोसळलं. २२९ माणसं गेली. चार वर्षांहून जास्त चाललेल्या चौकशीत दिसलं की कॉकपिटच्या छतामागे बहुधा तारेतल्या ठिणगीने तिथल्या उष्णतारोधक आवरणाला आग लागली होती. जागा अशी, की तिथे कुणाची नजर पोचत नाही.

पुढचे दोन महिने मी रॅचेटनेच काम केलं. रोज सुरुवातीला दोन नमुने करून काट्यावर ओढायचे, मग खरे सांधे करायचे आणि प्रत्येक हाताने ओढून पाहायचा. तार पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी कडं, जुडगे बांधायला मेण लावलेला दोरा आणि प्रत्येक तारेला तिच्या जाडीनुसार फ्यूज. फ्यूज यंत्रासाठी नसतो, तारेसाठी असतो, हे मी दुकानात पोरांना सांगायचो. तेवढं एक तरी माझं बरोबर निघालं!

आम्ही निघायच्या आदल्या रविवारी पुतण्या समोरचं पॅनेल बंद करत होता. मित्र जेवायला येणार होते, घाई होती. शेवटची तार रेडिओची. मी विचारलं, "ही ओढून पाहिलीस का?" तो थांबला. मग चार स्क्रू परत काढले, हात आत घालून तार ओढली. निघाली नाही. पक्की होती. तो हसला, मीही हसलो, आणि मित्रांना दहा मिनिटं बाहेर बसावं लागलं.

बडोद्याला आल्यावर पहिलं काम केलं ते इन्व्हर्टर बंद करून, बॅटरी सोडवून तिच्या तारेचं थिंबल ओढून पाहण्याचं. माझ्याच पक्कडीने दाबलेलं. हातात आलं. आतलं तांबं काळं पडलं होतं.

तेव्हा मुलांनो, विमान बांधा, न बांधा, घरात कुणीही वायरिंग केलं, मग तो काका का असेना, तर झाकण लावायच्या आधी एवढं विचारा. वीज बंद करून, आणि जमत नसेल तर जाणत्या वायरमनला समोर उभं करून. मोठ्यांना राग येईल. येऊ द्या. सकाळपर्यंत जातो.

पुढच्या महिन्यात भेटूच!