तिकीट आधी, सफर नंतर

माद्रिदहून तोलेदो जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर. मुंबईहून पनवेलला जातो तसं स्टेशनवर जाऊन तिकीट काढू, असं आम्ही धरून चाललो. खिडकीवर कळलं की, या गाडीत प्रत्येक तिकिटाला ठरलेली जागा असते, उभ्याने प्रवास नाही. सकाळच्या गाड्या भरल्या होत्या. अम्मींना बाकावर बसवून आम्ही दुपारची वाट पाहत राहिलो. इ.स. 999 मधली बाब अल-मर्दूमची इवलीशी मशीद मग घाईघाईतच पाहावी लागली. अम्मी काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

कॉर्डोबाचं तिकीट मात्र चार दिवस आधीच काढलं, जाण्याचं आणि येण्याचंही. वेगवान गाडीचं भाडं तारीख जवळ येईल तसं बहुधा चढत जातं. स्टेशनवर सामानाची तपासणी असते, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवला.

सगळीकडे असं नसतं. इटलीत फ्लॉरेन्स ते पिसा या साध्या गाडीचं भाडं ठरलेलं. त्याच दिवशी तिकीट घेतलं तरी चालतं. फक्त कागदी तिकिटावर गाडीत चढण्याआधी यंत्रात शिक्का मारायचा, नाहीतर दंड!

कॉर्डोबाच्या मशिदीचं बांधकाम 785 मध्ये सुरू झालं. आज तिथे चर्च आहे, नमाज पढता येत नाही. अम्मी खांबांमधून निवांत फिरल्या, ओठांतल्या ओठांत दुरूद म्हणत. या वेळी घाई नव्हती. वडीलधाऱ्यांना सोबत नेताना तिकिटाची काळजी आपणच आधी करावी.