नंबर तपासला, पडदा कोण तपासणार?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत चूकभूल द्यावी घ्यावी. 'दृष्टिपटल' हा शब्द मला आजोबांच्या फाईलमुळे कळला. तोवर माझ्यासाठी तो नुसता रेटिना होता.

आजोबा राहुरी तालुक्यातले ऊस बागायतदार. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना आपल्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला, हे ते पाहुण्यांना अजून अभिमानाने सांगतात. १५ वर्षांपासून साखर त्यांच्या रक्तातही आहे. (त्यात कारखान्याचा काही दोष नाही!) गावात नेत्रशिबिर लागलं की आजोबा पहिल्या रांगेत. मोतीबिंदू नाही, नंबर तोच, "बाबा, डोळे छान आहेत," एवढं ऐकून खुशीत घरी. बाहुली मोठी करणारे थेंब घालून आतला पडदा मात्र कोणी पाहिला नाही. गेल्या वर्षी पेपरातल्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या, तेव्हा कळलं की पडदा सुजलाय.

का सुजला, हे मी वाचत बसले आणि थक्क झाले. पडद्यातल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. टाके म्हणजे क्लॉडिन, ऑक्लुडिन ही प्रथिनं. पडद्यामागे रंगद्रव्य पेशींचा थर, तिथेही अशीच शिवण. फटीतून काही झिरपत नाही. मग पडद्याला अन्न कसं मिळतं? पेशींच्या अंगातच ग्लूट-१ नावाचं वाहक प्रथिन असतं, ते ग्लुकोज आत घेतं. मेकॅनिकलवाल्यांनो, गॅस्केटही आहे आणि व्हॉल्व्हही! पण गोची अशी की हा व्हॉल्व्ह इन्सुलिनचं ऐकत नाही. रक्तात साखर वाढली की पडद्यातही वाढते. वर्षानुवर्षं हे चाललं की केशवाहिन्या खराब होतात, पडद्याला ऑक्सिजन कमी पडतो, मग तो व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि त्याने टाके उसवतात. पाणी झिरपतं. आणि हे सगळं होत असताना माणसाला बरेचदा स्वच्छ दिसत असतं!

शिवाय साखरेला मोकळं असलेलं हे दार औषधाला मात्र बंद. म्हणून सुई थेट डोळ्यात.

माझं स्पष्ट मत आहे, नंबर तपासणं म्हणजे डोळा तपासणं नव्हे. टाइप २ मधुमेह कळला की लगेच, आणि पुढे साधारण दरवर्षी पडदा पाहायला हवा. आपल्या एनएसएसच्या शिबिरात फंडस कॅमेरा का नसावा? हातावरच्या शिरेत रंग सोडून पडद्यातली गळती फोटोत पकडायची पद्धत नोव्हॉटनी आणि अल्विस या दोघांनी १९६१ साली मांडली, तेव्हा ते मेडिकलचे विद्यार्थी होते. रंग आधी कोणी टोचून घ्यायचा, यासाठी त्यांनी नाणं उडवलं म्हणे. आपण निदान एक कॅमेरा मिळवू शकतो की!

आजोबांची तिसरी सुई सोमवारी आहे. हे पान जरा मोठ्या टाइपात छापा, अशी संपादकांना विनंती.