परभणीचा लहान आयातदार आणि बंदराची वाट

आयातजकातीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती दरांची. अमुक वस्तूवरील दर चढला, तमुक वस्तूवरील उतरला, याचे कोष्टक अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकते आणि त्याबरोबर हा विषय वर्षभरापुरता मिटतो. परभणी, सेलू, मानवत किंवा गंगाखेड येथे बसून परदेशी माल मागविणाऱ्या छापखानेवाल्याला, शेतीअवजारांच्या दुकानदाराला अथवा लहान कारखानदाराला मात्र या कोष्टकात आपल्या दुखण्याचे निदान सापडत नाही. त्याचे दुखणे दरात थोडे आणि बंदरापासून दुकानापर्यंतच्या व्यवस्थेत फार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते हिशेबाने दाखविता येण्यासारखे आहे.

समजा, येथील एखाद्या कारखानदाराने ४ लाख रुपये किमतीचे यंत्र परदेशातून मागविले. जकात नुसत्या किमतीवर बसत नाही. किंमत, जहाजभाडे आणि विमा यांच्या बेरजेवर बसते. भाडे ४० हजार व विमा साडेचार हजार धरला तर आकारणीचे मूल्य ४,४४,५०० रुपये होते. यंत्रांच्या अनेक प्रकारांवर मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के आहे. ते झाले सुमारे ३३,३०० रुपये. त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी ३,३०० रुपये. मग या सर्व बेरजेवर १८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर, सुमारे ८६,६०० रुपये. एकूण आकडा सव्वा लाखाच्या घरात जातो आणि माणूस घाबरतो. परंतु यातील शेवटची, सर्वांत मोठी रक्कम नोंदणीकृत व्यापाऱ्याला पुढील करात वजा मिळते. तेवढे भांडवल काही काळ अडकते हे खरे. पण पदरचा खर्च म्हणून उरते ती जकात ३६ ते ३७ हजारांची. (दीड कोटीच्या आतील उलाढाल असल्यामुळे कंपोझिशन योजनेत शिरलेल्या दुकानदाराला ही वजावट नाही, हे त्याने माल मागविण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. त्याच्यापुरता तो सव्वा लाख संपूर्ण खर्चच आहे.)

आता दुसरी बाजू पाहू. बोट बंदराला लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ‘बिल ऑफ एंट्री’ दाखल झाले पाहिजे, असा २०२१ पासूनचा नियम आहे. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस दररोज ५,००० रुपये आणि त्यानंतर दररोज १०,००० रुपये आकार बसतो. पाच दिवसांचा उशीर म्हणजे ३५,००० रुपये! ज्या यंत्रावरील सारी खरी जकात ३६-३७ हजार, त्याच्या कागदपत्रांना पाच दिवस उशीर झाल्याची किंमत जवळजवळ तेवढीच. बंदरातील गोदामाचे भाडे यात धरलेलेच नाही. आणि हा आकार मालाच्या किमतीवर अवलंबून नाही. ४ कोटींची खेप असो की ४ लाखांची, दिवसाचे रुपये तेवढेच. मोठ्या आयातदाराच्या वहीत ही रक्कम किरकोळ खर्चाच्या सदरात जाते, लहानाच्या वहीत ती वर्षाचा नफा पुसून टाकते. सबळ कारण दाखविल्यास अधिकाऱ्याला हा आकार माफ करता येतो, असे कोणी सांगेल. पण न्हावाशेव्यापासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर असलेल्या माणसाने ते कारण दाखविण्यास जावयाचे कसे आणि किती वेळा?

उशीर का होतो, याचाही विचार केला पाहिजे. नित्य आयात करणाऱ्या पेढीजवळ त्या कामाचा स्वतंत्र कारकून असतो. परभणीचा व्यापारी दोन वर्षांतून एकदा माल मागवितो. आयात-निर्यात क्रमांक पाचशे रुपयांत घरबसल्या मिळतो, ही सुधारणा चांगलीच झाली. परंतु दर वर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती नव्याने पक्की केली नाही तर तो निष्क्रिय होतो, ही गोष्ट माल समुद्रात असताना कळणे विरळा नाही.

त्याहून अवघड गाठ आहे ती वाहतुकीच्या सौद्यात. अख्खा कंटेनर भरेल इतका माल लहान व्यापाऱ्याजवळ नसतो. त्याच्या दोन पेट्या इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरात येतात. परदेशी विक्रेता अशा खेपेचे जहाजभाडे नाममात्र लावतो, कधी कधी शून्यही, आणि खरेदीदार खूश होतो. बोट बंदराला लागली की एकत्रीकरण करणाऱ्या कंपनीचे बिल येते, आणि ते चुकते केल्यावाचून ‘डिलिव्हरी ऑर्डर’ मिळत नाही. तिकडे सोडलेले भाडे इकडे दामदुपटीने वसूल होते. घासाघीस करावी तर गोदामाचे भाडे चढत असते. भाड्याचा धड पुरावा नसेल तर मालाच्या किमतीच्या २० टक्के रक्कम भाडे म्हणून धरून जकात आकारावी, असा मूल्यांकनाचा नियम आहे, तोही अशा वेळी अंगावर येतो. विमानाने आलेल्या मालाच्या भाड्याला हीच २० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. समुद्रमार्गे आलेल्या मालाला ती नाही. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, युरोपची जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि भाडी कडाडली. त्याबरोबर दर न बदलता जकातीची रक्कमही वाढली. येमेनच्या किनाऱ्यावर उडालेल्या क्षेपणास्त्राचा कर परभणीत भरावा लागला!

दराचा प्रश्न सर्वत्र गौण आहे, असे आम्ही म्हणत नाही. खेळण्यांवरील मूळ शुल्क २० टक्क्यांवरून २०२० मध्ये ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. तेथे दर हीच भिंत आहे आणि ती सरकारने जाणूनबुजून उभारली आहे.

सरकारला त्वरेने हालता येत नाही, असेही नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पाने कापसावर ११ टक्के आयातशुल्क बसविले होते. १८ ऑगस्ट २०२५ रोजी आदेश निघाला, दुसऱ्या दिवसापासून ते माफ झाले, आणि ३० सप्टेंबरची मुदत महिना उलटण्यापूर्वीच ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. वस्त्रोद्योगाची ती मागणी होती. आमच्या जिल्ह्यात पहिली वेचणी तोंडावर असताना ही माफी आली याचे दुःख येथील शेतकरी विसरलेला नाही. मोठ्यांसाठी एका रात्रीत दर बदलणाऱ्या यंत्रणेला लहानांसाठी दिवसाला ५,००० रुपयांचा आकार मालाच्या किमतीशी निगडित करता येऊ नये, हे आम्हांस पटत नाही.

मराठवाड्याच्या वाट्याला ही आडवाट नवी नाही. निजामी राजवटीत येथे येणाऱ्या मालाला करोडगिरीचा नाका ओलांडावा लागे. पुढे नाके गेले. पण १९९० च्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत मुंबईचा माल मनमाडला मोठ्या गाडीतून उतरवून लहान गाडीत चढवावा लागत असे. आज जवळची सोय म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळील माळीवाड्याचा कंटेनर डेपो. जालन्याजवळ दरेगाव येथे २५ डिसेंबर २०१५ रोजी ‘ड्राय पोर्ट’ची पायाभरणी झाली, त्यास दहा वर्षे उलटून गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यांचे भंगार आणि भरलेले कंटेनर एवढाच विचार डोळ्यांसमोर ठेवून ही योजना पुरी झाली, तर दोन पेट्यांच्या धन्याला न्हावाशेव्याची फेरी चुकणार नाही. सुट्या खेपांचा एक एकत्रित कंटेनर ठरलेल्या वारी न्हावाशेव्याहून मोहोरबंद निघावा आणि त्यातील माल येथेच तपासून सोडविला जावा, एवढी व्यवस्था जालन्याच्या आराखड्यात आजच लिहून घेतली पाहिजे. लोकप्रतिनिधींनी रस्त्यांच्या रुंदीइतकाच आग्रह यासाठी धरावा. एकत्रीकरण करणाऱ्या कंपन्यांचे बंदरावरील सर्व आकार माल चढण्यापूर्वी लेखी जाहीर करण्याची सक्तीही त्याबरोबरच हवी.

तोपर्यंत येथील व्यापारी मंडळींनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. चार-पाच जणांनी मिळून एकच सीमाशुल्क दलाल नेमला तर तो त्यांच्या कागदांकडे लक्ष देईल. विक्रेत्याकडे भाव मागताना तो एफओबी मागावा, वाहतूकदार स्वतः निवडावा आणि बंदरावरील आकारांचे दरपत्रक त्याच्याकडून आधी लिहून घ्यावे. बीजक, पेट्यांची यादी आणि बिल ऑफ लेडिंग यांच्या प्रती बोट तिकडून सुटताच दलालाच्या हाती असाव्यात. चीनहून निघालेली बोट पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांतच न्हावाशेव्याला लागते.