शहाळी नेऊ नका, उपदेशही नको



गेल्या महिन्यात धर्मग्रामातल्या एका डायलिसिसवरच्या बांधवाला भेटायला आम्ही चौघे गेलो. हातात शहाळी. त्याच्या पत्नीने ती मुकाट्याने आत नेऊन ठेवली. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि निकामी मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही, हे आम्हाला मागाहून कळले. पण त्याहून वाईट वस्तू आम्ही सोबत नेली होती, ती म्हणजे आमची जीभ. "विश्वास वाढवा, देव परीक्षा घेतोय," असे आमच्यातलाच एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

कसली परीक्षा? आठवड्यातून ३ दिवस खानापूरहून बेळगाव गाठायचे, दर खेपेस ४ तास सुया टोचून पडून राहायचे. भर उन्हाळ्यातही पाणी मोजून प्यायचे. घरी परतल्यावर अंगात त्राण नाही, नोकरी धड टिकत नाही, रात्री झोप नाही. असा माणूस चिडतो, खचतो, कधी "पुरे झाले" म्हणतो. त्याला अविश्वासी ठरवणारे आम्ही कोण? शरीरातला काटा जावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही. पौलाचा विश्वास कमी पडला असे कोणी म्हणेल? ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते. बोलू लागले आणि देवाचा राग ओढवून बसले.

खरा संताप येतो तो "प्रार्थना झाली, आता मशीन सोडा" म्हणणाऱ्यांचा. डायलिसिस चुकले की फुफ्फुसांत पाणी साचते, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते. सल्ला देणारा त्या रात्री दवाखान्यात नसतो. आपल्या कॅथलिक बायबलमधले बेनसिराचे पुस्तक तर वैद्याचा मान राखायला सांगते.

उपवासकाळातही हाच जाच. आजाऱ्यांवर उपवासाची सक्ती नाही, ख्रिस्तप्रसादाआधीच्या एका तासाचीही नाही. त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही त्या तासातून सूट आहे. तरी कुजबुज चालतेच.

निघताना त्या बांधवाने एकच गोष्ट मागितली. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याचे डायलिसिस, आणि आमची प्रार्थनासभा नेमकी बुधवारी. "गुरुवारी ठेवाल का?" दोन वर्षांत हे आमच्या ध्यानात आले नव्हते. सभा आता गुरुवारी, संध्याकाळी ७ वाजता. शुक्रवारी डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकावर त्याच्या पत्नीसोबत बसायला दोघी जणी हव्या आहेत. नावे रविवारी मिस्सानंतर आमच्याकडे द्यावीत.