न सांगण्याची दया

“बाईला सांगून उगाच घाबरवायचे कशाला?” हे वाक्य आमच्याकडील प्रसूतिगृहांतून नित्य ऐकू येते. ते बोलणारा मनुष्य बहुधा सहृदय असतो, आणि म्हणूनच आम्हांस ते अधिक घातक वाटते.

ह्या दयेचे खरे रूप पाहावयाचे असेल, तर स्कॉटलंडातील मॉन्टगोमेरी खटला पाहावा. १९९९ साली लॅनार्कशायरमधील एका रुग्णालयात ठेंगण्या बांध्याची एक मधुमेही बाई बाळंत झाली. अशा मातांच्या प्रसूतीत डोके बाहेर आल्यावर मुलाचे खांदे अडकण्याचा संभव शेकडा ९ ते १० असतो. मूल मोठे आहे, ह्याची चिंता तिने बोलूनही दाखविली होती. तरी हा धोका तिला कोणी सांगितला नाही. खांदे अडकले, ते सुटेपर्यंत १२ मिनिटे गेली, आणि मुलगा मेंदूला कायमची इजा घेऊन जन्मला. गंभीर अपायाचा संभव फारच थोडा असतो, असे डॉक्टरीणबाईंनी न्यायालयात सांगितले, व ते खरेच होते. परंतु त्या पुढेही बोलल्या: सांगितले तर जी ती बाई शस्त्रक्रियाच मागेल, आणि ते मातांच्या हिताचे नाही! म्हणजे गोष्ट क्षुल्लक म्हणून नव्हे, तर ऐकणारीचा निश्चय तिने फिरेल म्हणून झाकून ठेवावयाची. हिला दया म्हणावे की परस्पर दिलेला निकाल?

११ मार्च २०१५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी हा युक्तिवाद झिडकारला. काय सांगावे हे वैद्यांच्या रिवाजावरून ठरावयाचे नाही. त्या स्थितीतील समंजस रुग्णास जे महत्त्वाचे वाटेल ते सांगितलेच पाहिजे, असा त्यांचा निर्णय आहे. आणीबाणीचा प्रसंग अर्थातच निराळा.

आमच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात, बेशुद्ध असलेल्या सज्ञान मुलीच्या वतीने आईने दिलेली संमती ग्राह्य धरली नाही, हे उत्तमच झाले. पण किती सांगावे, ह्याचे माप मात्र त्याने वैद्यवर्गाच्याच हाती ठेवले. आणि घरची माणसे तर त्याहून पुढे! मूल काचेच्या पेटीत असते. सासूबाईंना ठाऊक, दिराला ठाऊक, शेजारणीलाही कुणकुण. आईला मात्र “बाळ झोपले आहे” एवढेच. चार दिवसांनी तिला कळते ते दुःख तर असतेच, शिवाय आपल्या माणसांनी मिळून आपल्याला फसविले हेही कळते. ह्यात तिचे मन जपले गेले, असे कोणी म्हणेल काय?

“वेळ कोठे असतो?” हा आक्षेप आम्ही पुष्कळ ऐकला आहे. गरोदरपण नऊ महिन्यांचे असते! तरी कित्येक ठिकाणी संमतीचा कागद पुढे येतो तो कळा सुरू झाल्यावर, आणि तोही इंग्रजीत. सातव्या महिन्यात ती स्वस्थ बसलेली असताना तोच कागद मराठीत तिच्या हाती देण्यास अडचण कोणती, हे एखाद्या प्रसूतितज्ज्ञाने आम्हांस लिहून कळवावे; आम्ही ते आनंदाने छापू.