गृहशिक्षण : तेरच्या वाटेवरील शाळा

मुलांस शाळेंत न घालतां घरींच शिकवावें, वर्षांतील कांहीं महिने त्यांस घेऊन गांवोगांव हिंडावें व तंबू ठोकून राहावें, असा परिपाठ अलीकडे कांहीं सुशिक्षित कुटुंबांनीं आरंभिला आहे. एका भगिनीनें आम्हांस विचारलें आहे कीं, आमच्या एकत्र कुटुंबांत सख्खीं-चुलत मिळून नऊ मुलें आहेत. आम्हीं हा मार्ग धरावा काय? मामंजींचा त्यास साफ विरोध आहे, आणि दोघी जावांचा आग्रह तितकाच आहे.

कायद्याची गोष्ट आधीं सांगून टाकतों. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांचें शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. गृहशिक्षणाची स्वतंत्र तरतूद त्यांत नाहीं. चौदा वर्षें पुरीं झालेल्या मुलास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत माध्यमिक परीक्षा देतां येते, आणि अशीं कुटुंबें बहुधा ह्याच आधारावर चालतात. तेव्हां शाळेंतून नांव काढणें ही नऊ मुलांच्या पुढील आयुष्याची गोष्ट आहे; ती घाईनें ठरवूं नये. परंतु प्रवासानें शिक्षण होतें कीं नाहीं, हें पाहण्यास शाळा सोडावी लागत नाहीं. दिवाळीच्या सुटींतील आठ दिवस आणि धाराशिव जिल्हा एवढें त्यास पुरे.

मोटारींतून उतरावें, देवदर्शन घ्यावें, छायाचित्रें काढावीं व पुढें निघावें, असें करावयाचें असेल तर मात्र घरीं बसलेलें बरें. एकाच गांवीं दोन दिवस राहावें. तें गांव आम्ही सुचवितों : तेर.

तेरणेच्या कांठचें हें गांव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथांत, पैठणाहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असून तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जातें, असें लिहिलें आहे. मुलांपुढें नकाशा पसरावा. पैठणापासून तेरपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती सुमारें १५० किलोमीटर भरते. दहांनीं भागली म्हणजे रोजचे पंधरा. वळणें धरून कांहीं अधिक. बैलगाडीचा हिशेब बरोबर जमतो! पण एखादी चलाख मुलगी लागलीच म्हणेल, “तेर पूर्वेस कोठें आहे? तें तर आग्नेयेस आहे.” तिला गप्प बसवूं नये. विद्वानांसही तगराचा पत्ता पुष्कळ दिवस लागला नव्हता. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर. १९०१ सालीं फ्लीट यांनीं तेरचा पक्ष मांडला, आणि पुढें तेथें रोमशीं चाललेल्या व्यापाराच्या खुणा मिळाल्यानें तो बळावला. तेथें सांपडलेली हस्तिदंती बाहुली ७९ सालीं ज्वालामुखीखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांतील बाहुलीशीं मिळतीजुळती आहे. गांवांतील लामतुरे वस्तुसंग्रहालयास एक अख्खी सकाळ द्यावी.

नंतर त्रिविक्रमाच्या देवळांत जावें. सभोंवतीं काळ्या पाषाणाचा मुलूख, आणि देऊळ मात्र विटांचें. शिवाय मागची भिंत अर्धवर्तुळाकार. असें कां, हें मुलांनाच विचारावें. हें मूळचें बौद्धांचें चैत्यगृह असावें व मागाहून तेथें विष्णूची स्थापना झाली असावी, असें जाणत्यांचें मत आहे. हें आजोबांनीं नातवंडांपासून लपवूं नये. हवें तर नमस्कार झाल्यावर सांगावें, पण सांगावें. शाळेच्या पुस्तकांत ज्याला एक ओळ मिळत नाहीं, तें मूल येथें भिंतीस हात लावून शिकतें.

त्याच गांवीं गोरोबाकाकांचें स्थान आहे. संतमंडळी जमली असतां गोरोबांनीं थापटण्यानें एकेकाचें डोकें ठोकून पाहिलें व नामदेवांस कच्चें मडकें ठरविलें, ही आख्यायिका आपल्या घराघरांतून सांगितली जाते. पण मडकें ठोकल्यावर कच्च्याचा आवाज कसा येतो व पक्क्याचा कसा, हें आपल्यापैकीं किती जणांनीं कानांनीं ऐकलें आहे? चाक फिरविणारा कुंभार भेटला तर नऊही मुलांस त्याच्यापुढें बसवावें, आणि त्याच्या वेळाचा मोबदला द्यावा.

शाळेवांचून मूल अडाणी राहील, ही मामंजींची भीति अगदींच पोकळ नाहीं. जावा कदाचित् कर्नल मेडोज टेलर यांचें उदाहरण देतील. हे गृहस्थ १८२४ सालीं पंधराव्या वर्षीं मुंबईस पेढीवर आले. पुढें भूमापन, कायदा व येथील भाषा ते आपल्या आपण शिकले, १८५३ नंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्यांनीं पाहिला, आणि तुळजापुरावर ‘तारा’ ही कादंबरी १८६३ सालीं लिहिली. परंतु एका टेलरानें कांहीं सिद्ध होत नाहीं. शाळा सुटून जे वायां गेले त्यांचीं चरित्रें कोणी लिहिलीं नाहींत. आमचें मत विचाराल तर, निदान चौदा वर्षेंपर्यंत नांव शाळेंत असूं द्यावें आणि सुट्या मात्र अशा घालवाव्या.

एक गोष्ट जावांसही सांगणें आहे. मुक्कामाच्या जागीं मुलींनीं भाकऱ्या थापाव्या व मुलांनीं बुरूज मोजावे, असें होऊं लागलें तर घरचेंच वळण तंबूंत आलें. पाळी लावावी. नळदुर्गास १६१३ सालचें बोरी नदीवरील धरण व त्याच्या पोटांतील पाणीमहाल आहे. त्या बांधाची लांबी दोरीनें मोजण्याचें काम मुलींकडे द्यावें, आणि त्या दिवशीं कांदे चिरण्याचें थोरल्या चिरंजीवांकडे.

नळदुर्गचे नर-मादी धबधबे नदीला भरपूर पाणी असेल तेव्हांच दिसतात. त्यांसाठीं पावसाळ्यांत निराळी खेप करावी. तंबू शेतधन्यास विचारल्यावांचून ठोकूं नये. आणि नवरात्रांत तुळजापुरास नऊ मुलें नेऊं नयेत. त्या गर्दींत मोजण्याचें काम एकच उरतें, तें म्हणजे आपलीं मुलें.