हुशार मुलांची वेगळी तुकडी हवी का?

येत्या सत्रापासून सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या मुलांची वेगळी तुकडी करावी, अशी सूचना काही पालकांकडून आली आहे. हेतू चांगला आहे, तरी आम्ही तिच्या विरुद्ध आहोत. कारण सांगताना कोंबड्यांचे उदाहरण घेत आहोत. शाकाहारी पालकांनी रागावू नये. विषय ताटातल्या नव्हे, खुराड्यातल्या कोंबडीचा आहे.

नॉर्वेचे थोर्लीफ शेल्डरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या पाहण्याचा नाद होता. कोण कोणाला चोच मारते, हे ते वहीत टिपून ठेवत. पुढे 1921-22 च्या सुमारास त्यांनी ते शास्त्रीय रीतीने मांडले. कळपात प्रत्येक कोंबडीची पायरी ठरलेली असते. वरची टोचते, खालची निमूट बाजूला होते. पायऱ्या ठरल्या की भांडणे कमी होतात, बाहेरची कोंबडी आली की पुन्हा सुरू होतात. (विद्यार्थ्यांनो, या संशोधनाची सुरुवात एका वहीपासून झाली!)

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विल्यम म्यूर यांनी 1996 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जास्त अंडी देणारी एकेक कोंबडी निवडून पैदास करायची, ही नेहमीची रीत. पण अशी कोंबडी शेजारणींना टोचून पुढे गेलेली असू शकते. म्यूर यांनी एकेकीचे नव्हे, तर पिंजऱ्यातल्या सगळ्यांचे मिळून उत्पादन पाहिले. त्यांच्याकडे दुसऱ्या पिढीत वर्षाला 68 टक्के कोंबड्या मरत होत्या; चौथ्या पिढीत हे प्रमाण 9 टक्क्यांच्या आत आले. अंडीही वाढली.

मुले म्हणजे कोंबड्या नव्हेत, हे आम्हालाही कळते. पण सगळे पहिले नंबर एका खोलीत बसविले, तरी त्यातला कोणीतरी चाळिसावा होणारच. आणि उरलेल्या तुकडीवर 'मागे राहिलेले' हा शिक्का बसेल, तो पुसणार कोण?

कोंबडीपालन आपल्याला परके नाही. झाबुआच्या कडकनाथला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेथील कृषी विज्ञान केंद्र आपल्या ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाच्या अखत्यारीत आहे. जाणता पालनकर्ता नवी कोंबडी एकटी सोडत नाही. दोन-तीन मिळून आणतो, काही दिवस जाळीपलीकडे ठेवतो. दाणा-पाणी एकाच जागी न ठेवता चार ठिकाणी ठेवतो, म्हणजे एकच दांडगी सगळे अडवून बसत नाही. जखमी कोंबडीला तो लगेच वेगळी काढतो, कारण रक्त दिसले की इतर तिथेच टोचतात.

यातले पुष्कळ शाळेतही करता येईल. वडिलांच्या बदलीमुळे सत्राच्या मध्यात ग्वाल्हेरला येणाऱ्या मुलांना शक्यतो दोघे-दोघे एका तुकडीत द्यावे. मॉनिटर, स्नेहसंमेलनातले सूत्रसंचालन, प्रार्थनेचा पुढाकार हे सगळे त्याच पाच-सहा मुलांकडे जाते, ते वाटून द्यावे. एखाद्याला चिडविणे सुरू झाले, तर पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांनी लक्ष घालावे, 'मुलेच आहेत' म्हणून सोडू नये.

हा विषय विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत ठेवत आहोत. पालकांनी आपले मत, आमच्या विरुद्ध असले तरी, त्यापूर्वी लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावे.